नोंद घ्यावी

झोन ऑफिसातून कागद येतो बुधवारी,
कधी शुक्रवारी,
कधी त्यातली तारीख उलटून गेल्यावर.
वर ‘जाहीर सूचना’, खाली जांभळा शिक्का,
मधे एकच वाक्य, ज्यात दम घ्यायलाही जागा नाही.
चहा गार होईतो मी ते वाचते
आणि खडूने उतरवते फळ्यावर
आमच्या गल्लीच्या बोलीत.

‘तांत्रिक कारणास्तव पाणीपुरवठा खंडित राहील.’
मी लिहिते: उद्या नळ नाही. आजच भरून ठेवा.
टँकर सातला. म्हंजे नऊला.

‘नायलॉन मांजा बाळगणे दंडनीय आहे.’
मी लिहिते: तितरमारेच्या पोराच्या गळ्याले सात टाके आहेत.
जाऊन पाहा. मंग पतंग उडवा.

‘चेंबरचे झाकण बदलण्याची कार्यवाही प्रस्तावित आहे.’
हे कसं लिहायचं ते मला उमजेना.
तेव्हापासून नुसता आकडा टाकते कोपऱ्यात:
झाकण नाही, दिवस चौथा.
झाकण नाही, दिवस नववा.
त्या भोकात कोणीतरी बेशरमाची फांदी खोचली,
तिला लाल चिंधी.
तीच आमची कार्यवाही.

फळा होता चौकात, हेडाऊंच्या बंद पडलेल्या मागाच्या भिंतीवर.
तोंड पश्चिमेला.
खिळे ठोकले तेव्हा दिशा कोणी पाहिली नव्हती.

बोरकुटेमामा रोज यायचे, हातात टोपी.
ज्यांना वाचता येत नाही
त्यांना ‘चष्मा घरी राहिला’ म्हणू द्यायचे
आणि मोठ्यानं वाचायचे, आकाशवाणीसारखं,
माझ्या वाकड्या अक्षरांना इस्त्री करत.

मे महिन्यात पारा सेहेचाळीसला टेकला.
कागद आला: ‘उष्माघात’, ‘प्रतिबंधात्मक’, ‘अत्यावश्यक’.
मी लिहिलं: बारा ते चार घराबाहेर निंगू नका.
डोक्याले दुपट्टा बांधा. पन्हं प्या.
खिशात कांदा ठेवा.
(कांदा कागदात नव्हता. तो माझा.)

दीड वाजता खिडकीतून पाहिलं,
मामा उभे, कपाळावर हाताची पन्हाळ,
समोर पार्सलवाला पोरगा, बंद गाडीवर,
दोन भांडेवाल्या बाया, एक केळीची हातगाडी.
आणि मामा वाचत होते माझंच वाक्य,
बारा ते चार
घराबाहेर निंगू नका,
भर उन्हात, ठणठणीत आवाजात.

तिसऱ्या दिवशी वाचता वाचता ते खाली बसले.
बसलेच.

झनक हेडाऊचा मालवाहू ऑटो, ओली चादर,
गोळेवाल्याकडची बर्फाची अर्धी लादी,
मेडिकलच्या फाटकापर्यंत मी त्यांचे तळवे चोळत होते
आणि बोटांवर अजून खडू होता.

पाच दिवस फळा कोरा.
टँकरची वेळ बदलली, कोणाला कळली नाही.
लोक म्हणाले, ‘बाई, लिहा ना काही.’
मला एकही शब्द सावलीतला सुचत नव्हता.

सहाव्या दिवशी मामा आले. अर्धे उरलेले.
‘आज काय लिहिलं वं?’
मी म्हटलं, ‘मामा, आधी खिळे काढायचे आहेत.’

आता फळा निमजेंच्या पिठाच्या गिरणीवर आहे,
उत्तरेला तोंड, वर टिनाची पडवी, खाली माठ.
अक्षरांवर ज्वारीचं पीठ बसतं.
मामा फुंकर मारतात, मग वाचतात,
खुर्चीवर बसून.

काल झोनमधून कागद आला, या वेळी वेळेवर:
‘सूचनाफलक विनापरवाना स्थलांतरित केल्याबाबत
तीन दिवसांत लेखी खुलासा सादर करावा.’

खुलासा मी फळ्यावरच सादर केला आहे:

फळा सावलीत आणला.
पाणी पिऊन वाचा.
झाकण नाही, दिवस एक्केचाळीसावा.
साहेबांनी नोंद घ्यावी.