दहावा पडदा

तैस्तोची बेस गिटार माझ्याकडे आली
तेव्हा सोबत शिवण उसवलेला पट्टा
आणि पेटीच्या कप्प्यात खोकल्याच्या तीन गोळ्या.
बेस म्हणजे तशी सगळी मानच,
बाकीचं लाकूड नुसतं तिला धरून ठेवायला.

दिव्याखाली आडवी धरून मी ती वाचली.
पडदे वाचता येतात जुन्या पायऱ्यांसारखे,
कुठे पाय जास्त पडले, कुठे कुणी फिरकलंच नाही.
पहिल्या तिघांवर झीज. ती असणारच,
टँगो वाजवणारा घर सोडून फार लांब जात नाही.
पाचव्यावर थोडी.
मग ओसाड.
आणि एकदम दहाव्यावर, सगळ्यात जाड तारेखाली,
खाच.
नख अडकेल इतकी.

तिथे जो डी लागतो
तोच शेजारच्या तारेवर पाचव्याला लागतो,
आणि तिच्या पलीकडची तार तर मोकळीच डी आहे,
बोटसुद्धा ठेवावं लागत नाही.
फुकटचा सूर दारात उभा असताना
हा माणूस सात घरं चढून वर कशाला जायचा?

एर्क्की अकॉर्डियन पुसत म्हणाला
(एकोणतीस उन्हाळे तो त्याच्या डाव्या हाताला बसला होता):
त्या तारेखालचा हाडाचा तुकडा चिरलेला.
मोकळी छेडली की माशी अडकल्यासारखी भुणभुणायची.
दुरुस्तीला पैसे पडतात.
तैस्तो चिक्कू होता, लिहून ठेव.

मी मिक्केलीला जाऊन तुकडा बदलून आणला. अठ्ठावीस युरो.
आता मोकळी तार स्वच्छ वाजते,
आपलं आपण थांबावंसं वाटेपर्यंत.

जुलैत तळ्याकाठच्या नाचघरात
रात्री साडेदहालाही खिडक्यांत ऊन होतं,
डास होते, भाजलेल्या सॉसेजचा धूर होता.
भिंतीवरची पाटी पेटली: आता बायकांनी निवडायचं.
ल्यूली निवडायला उठली नाही.
तिचे कान सहाव्या वर्षी गोवरात गेले,
ती बूट काढून नाचते, मोज्यांवर, फळ्यांवर.
ती सरळ मंचापाशी आली
आणि कॉफीच्या कागदी रुमालावर लिहून
माझ्या पायाशी ठेवून गेली:

तुझा घोट्यापर्यंत येतो.
त्याचा गुडघ्यापर्यंत यायचा.

मी रुमाल एर्क्कीला दाखवला.
त्याने चष्मा वर करून वाचला, परत दिला,
भाता थोडा उघडला, मिटला.
चिक्कूही होता, म्हणाला.

पुढचा टँगो डी मायनरच होता.
दोन मात्रांत ठरवावं लागतं.
वर पडदे दाटीने उभे असतात,
तार लाकडापासून उंच, दाबायला मनगट लागतं,
आणि सूर लांब टिकत नाही,
राखेतून काढलेल्या बटाट्यासारखा,
गोल, काळा, आतून गरम.
हे मला नंतर कळलं.
आधी मी नवव्यावर पडले,
पोचायच्या एक पायरी अलीकडे,
आणि खिडकीजवळच्या एका गृहस्थाचं पाऊल
बिचाऱ्या बायकोच्या पावलावर.

दुसऱ्या फेरीला खाच सापडली.
शोधावी लागली नाही,
तार आपणहून तिच्यात जाऊन बसली,
जणू तिच्या उशीचा खळगा तो.

ल्यूलीकडे पाहायला मान वर केली
तर ती पाठमोरी होती,
दारापाशी पेंगुळलेल्या एका टॅक्सीवाल्यापुढे
हात पसरून उभी.
त्याने मागेपुढे पाहिलं, बोटानं स्वतःकडे दाखवलं: मी?
फळी हलत असावी तिच्या तळव्याखाली.
मला ते मोजता येत नाही.

अठ्ठावीस युरो वाया गेले असं नाही.
मोकळी तार मी हुंप्पासाठी ठेवली आहे,
तेव्हा सगळे इतके उड्या मारतात
की जमिनीवर तसंही कुणी नसतं.