खोका क्रमांक अकरा

टल्सा, ओक्लाहोमा. विद्यापीठाच्या तळघरात
एसी इतका की बोटं बधिर होतात.
ग्रंथपाल बाई माझं पेन काढून घेतात, पेन्सिल देतात,
आणि अकरा नंबरचा खोका पुढे सरकवून
हळूच म्हणतात, यात नुसती बिलं आहेत हं.

नुसती बिलं.
सत्तावीस सालचा जुलै : बर्फ, चाळीस लाद्या.
त्याच आठवड्यात पुन्हा तीस.
पियानोचे सूर लावल्याचे सहा डॉलर,
पियानोतली शॅम्पेन निपटल्याचे वेगळे दोन.
गार्डेनियाची फुलं, शिकागोहून, रेल्वेनं.
व्हिस्कीचं बिल नाही, दारूबंदी होती;
आहे ते 'खोकल्याचं औषध',
आणि आकडा असा, की अख्ख्या गावाला
डांग्या खोकला झाला असावा.

तेल लागलं होतं ना.
काल खेचरं हाकणारे आज इटलीहून संगमरवर मागवत,
आणि त्यांच्या बायका दुपारी पडल्या पडल्या
लायमन क्विगलीच्या गोष्टी वाचत,
गुळगुळीत मासिकात, शब्दाला वीस सेंट.

'तिनं मान वळवली' : साठ सेंट.
'तिनं हळूच मान वळवली' : ऐंशी.
त्या एका हळूचवर बाईसाहेबांची मोटार चालली,
माळी जेवला, मुलगी स्वित्झर्लंडला शिकली.
(मी तो वर फुकटात वापरला.)

मग एक बिल निसटलं आणि पालथं पडलं.

मागे पेन्सिल. मुंगीएवढं अक्षर, समासापर्यंत.
दुसरं उलटलं. तिसरं.
बर्फवाला जिना चढतोय.
खांद्यावर ओलं गोणपाट, पाठीत पाणी उतरतंय.
गावाच्या उत्तरेला त्याचं घर होतं,
जाळलं त्याला सहा वर्षं झाली.
आत कोणीतरी पियानो वाजवतं. तो लादी ठेवतो.
तो मोजून पैसे घेतो.
तीनशे बारा बिलं, आणि एकही हळूच नाही.

तारखेनं लावली की कादंबरी लागते.
जितकी उधळपट्टी, तितका कागद.
मोठ्या पार्टीनंतर मोठं प्रकरण.
कोरा कागद विकत आणायला याला काय झालं होतं,
हे मला अजून कळलेलं नाही.

एकोणतीसचा डिसेंबर. उधारी बंद.
फुलवाला लिहीत नाही, बर्फाची कंपनी लिहीत नाही.
शेवटची गॅसची नोटीस, तिच्या पाठीवर
'दार उघडंच होतं, म्हणून त्यानं'

पाच वाजता बंद करतो, बाई म्हणतात.
मी झेरॉक्स मागतो.
पानाला पंचवीस सेंट, त्या म्हणतात,
पुढची बाजूच ना?