उगवण एकसष्ट टक्के

कुडचड्याच्या बाजारात, सायकलदुकानाच्या माडीवर
आमची प्रयोगशाळा: एक फ्रीज, एक तागडी,
आणि ओल्या वाळूचे सोळा ट्रे.
एका ट्रेमध्ये उंडीच्या शंभर बिया.
एकविसाव्या दिवशी मोजायचं,
चाळिसाव्या दिवशी पुन्हा मोजायचं,
मग मोड न आलेल्या अडकित्त्याने फोडून बघायच्या,
मेल्यात, की नुसत्या झोपल्यात.
लेबलवर झोपेसाठी रकाना नाही.

लेबलवर असतं:
उंडी. निवड क्रमांक सतरा. उगवण एकसष्ट टक्के.
आणि तळाशी, लाल शाईत,
खाण्यास अयोग्य.

सतरा नंबर मीच शोधली, बेतुलच्या खाडीकाठी,
होड्या वर ओढून ठेवतात तिथं.
तीन वर्षं तिची फळं तोलली,
बुंध्यावर पिवळा पट्टा मारला.
इनास फुर्ताद विचारत होता, पट्टा कशाला?
हिच्या बियांत डिझेल आहे, मी म्हटलं.
तो म्हणाला, दिव्यात घालायचो आम्ही. धूर फार.

कुंकळ्येकर सरांना दर तिमाहीला आकडा लागतो.
उंडीला फळ धरायला सात वर्षं.
म्हणजे आज विकलेल्या पाकिटाची तक्रार
अठ्ठावीस तिमाह्यांनी येणार.
एवढ्या लांबच्या बोलीवर धंदा करणारे
इथे आम्ही, आणि देवाला पाकळ्या लावून
प्रसाद सांगणारे भट.

रिवणच्या पुढे, बंद खाणीच्या तांबड्या ढिगाऱ्याखाली
चंदरी वेळीपच्या अंगणात मी पाकिटं मांडली.
तिने एक बी उचलून थेट दाताखाली धरली.
मी ओरडले. ती थुंकली.
गुरं खातात?
नाही.
कोंबड्या?
नाही.
मग खाणार कोण?
बस, मी म्हटलं. मडगावची बस.
ती एवढी हसली की सुपातले कुळीथ सांडले.
ते एकेक वेचता वेचताच म्हणाली,
ढिगाऱ्यावर तसंही आमच्या पोटाचं काही येत नाही.
बसचं तर बसचं. दोन ठेव.
पैसे उगवल्यावर.

वर्षाने मोजायला गेले. वही, टेप, टोपी.
दोन पाकिटांतल्या चाळीस बियांची अकरा रोपं.
बाकीची आळी डुकरांनी उकरलेली.
अकरा भागिले चाळीस मी वहीत लिहिलंच नाही.
चंदरी म्हणाली, ही तुझी झाली. आता बाकीची बघ.

ढिगाऱ्यामागे जुना ट्रककाटा आहे,
पत्रे उडालेले, कैच्या तेवढ्या शाबूत,
त्यांना लटकलेली वटवाघळं.
खाली, जिथे लोखंडमातीचं वजन व्हायचं,
त्या खड्ड्यात, फटीत, गटाराच्या तोंडाशी
उंडीची रोपं. मी दीडशेपर्यंत मोजली
आणि टोक गेलेली पेन्सिल खिशात घातली.
देवाच्या रायेत एक म्हातारी उंडी आहे म्हणे,
तिला कोणी हात लावत नाही.
वटवाघळं गर खातात, बी इथे आणून टाकतात.
किती टाकल्या, हे कोणी लिहून ठेवलेलं नाही,
तेव्हा टक्के काढता येत नाहीत.

ह्यांचे पैसे कोणाला द्यायचे? चंदरीने विचारलं,
आणि वर बघून
पदर डोक्यावर ओढला.

मी खालच्या शंभर बिया गोळा केल्या,
गर चाटून पुसून साफ केलेल्या;
हेच काम करायला आमच्याकडे दोन बायका आणि एक यंत्र.
माडीवर सतरावा ट्रे नव्हता.
पदेराकडून पावांचा एक मागून आणला,
कोपऱ्यांत पीठ तसंच राहिलं.
नोंदवहीत 'स्रोत' ह्या रकान्यापुढे
अजून पेन्सिलीचा एक ठिपका आहे.
सरांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

उद्या एकविसावा दिवस.
खाली कोणीतरी चाकात हवा भरतंय,
थांबतंय, दाबून बघतंय,
पुन्हा भरतंय.