तेरा इंची

माझी उंची चार फूट दहा.
आधार कार्डावर ती लिहीत नाहीत, बरंय.
बाकी सगळीकडे असते :
बँकेच्या काउंटरवर, ओट्यावरच्या तिसऱ्या फळीत,
‘अगं, तू दिसलीच नाहीस’मध्ये.

काळबादेवीच्या दुकानात छताला टांगलेल्या माउंटन बाइक,
खाटकाकडच्या बोकडांसारख्या, पुढचं चाक वर.
सेल्समननं सगळ्यात लहान ती उतरवली.
मी तंगडी टाकली. वरचा दांडा असा लागला
की अख्खी काळबादेवी पिवळी दिसली.
‘टाचा उचला ना थोड्या मॅडम. सवय होईल.’
मग गुलाबी, पुढे टोपली, दांड्यावर फुलपाखरू. ‘लेडीज.’
मग दहा वर्षांच्या मुलांची,
गिअर एक, घंटी मात्र देवळाएवढी.

मी पाणी प्यायले आणि कामावर गेले.

काम : लालबागच्या एका लॅबमध्ये कवळ्या बनवते.
वीस वर्षं झाली. लोकांच्या जबड्यांचे ठसे, प्लास्टरचे,
टेबलावर ओळीनं आ वासून.
केसाएवढा उंचवटा राहिला तर म्हातारं माणूस
आधी भाकरी सोडतं,
मग हसणं. सांगत कुणालाच नाही.
डॉक्टर म्हणतात, सवय होईल.
होत नाही.
त्या कवळ्या माझ्याकडेच परत येतात,
रुमालात गुंडाळून.

मरोळ गावठाणात, क्रूसापासून डावीकडे, इनास मिस्किटा.
एकच शटर, तेही अर्धं वर.
त्यानं उंची विचारलीच नाही.
‘डोकं थोडंच पॅडल मारतं,’ म्हणाला. ‘चपला काढ. भिंतीला पाठ.’
हातात उधारीची जाड वही दिली :
‘ही मांड्यांमध्ये धर. वर. खोगिरावर बसल्यासारखी.’
आणि गल्लीकडे तोंड करून उभा राहिला
मी ‘झालं’ म्हणेपर्यंत.
वहीच्या कडेशी पेन्सिलीची रेघ मीच मारली.
जमिनीपासून सहासष्ट सेंटिमीटर.
त्या भिंतीवर अजून असेल.

तीन महिने फोन नाही.
मग आला. चकाल्याच्या एका मुलाची, तेरा इंची फ्रेम,
चाकं सव्वीसची, निळा रंग खरवडलेला,
वरचा दांडा मध्येच खाली झुकलेला,
कुणी उठून जागा द्यावी तसा.
मुलगा एका सुट्टीत चार बोटं वाढला.
‘काय करणार, थांबतच नाही,’ आई म्हणाली.
मी थांबलेय बाई. केव्हाची. द्या इकडे.

इनासनं क्रँक आखूड घातले, स्टेमही आखूड,
ब्रेकचे दांडे आत ओढले माझ्या बोटांपाशी.
‘दाब.’
दाबलं.
अर्धा आटा आणखी.
‘आता?’
मी बघतच राहिले त्याच्याकडे.
निळा कागद दातांत धरायला लावून
मी असाच चावा तपासते.

नोव्हेंबरात मार्व्याहून होडीत घातली, मनोरीला उतरवली.
टेकाडावर वाळलेलं गवत, सुटे दगड.
चढावर निम्म्यात मागचं चाक घसरलं.
इथंच पडत आले मी आजवर, उसन्या बाइकवरून;
डाव्या कोपरावर तारखा आहेत.
पाय खाली गेला
आणि जमीन तिथेच होती.
अख्खा तळवा, टाचेसकट.
दांडा आणि मी, मध्ये चार बोटं हवा.

मागून उंच पोरं ‘साइड, साइड’ करत गेली.
दिली साइड.

कवळी नीट बसली की माणूस विसरतो
ती तोंडात आहे ते. असं मीच सांगते सगळ्यांना.
मी काही विसरले नाही.
पाय उचलला, टाच पुन्हा टेकवून पाहिली.
मग आणखी एकदा.