एक्केचाळीस नंबर

नोव्हेंबरात ईरीच्या सरोवरावरून बर्फ सुटलं
की भट्ट्या दुरुस्त करायला लोक मला बोलावतात.
रात्री हात घासतो, काजळी निघते तेवढी निघते,
मग स्वयंपाकघरातल्या टेबलावर कार्डं मांडतो.
जुगाराची नव्हेत. बबलगमच्या पुडीतून निघायची ती,
सत्तावन्न सालची, फुटबॉलवाल्यांची.
आमचं फुटबॉल, लांबट चेंडूचं,
पायाला काम थोडं, खांद्यांना फार.

खेळाडूंचं मला काही नाही. मला चुका हव्यात.
बारा नंबरच्या खांद्यावर लाल ठिपका असलेला,
आणि नसलेला.
तीस नंबरच्या पाठीवर वजन दोनशे दहा,
आणि एकवीसशे.
एकवीसशे पौंडांचा तो माणूस मी तीन वर्षं शोधला.
मेडव्हिलच्या एका गॅरेजात सापडला,
बुटांच्या खोक्यात, रबरबँड अंगात रुतलेला.

भिंगाखाली धरलं की चेहरा राहत नाही,
पिवळे, तांबडे, निळे ठिपके, मधूनमधून काळा.
काळी शाई केसभर सरकली
की माणसाला चार ओठ.

डेलबर्ट यान्कोस्कीनं मला हा नाद लावला.
पहिल्याच दिवशी म्हणाला,
नुसत्या चुकीला कुत्रं विचारत नाही, पोरा.
छापखान्यानं मशीन थांबवून ती दुरुस्त केली
तर आधीची महाग.
दुरुस्तच नाही केली, तर ती चूक कसली?
तसंच छापलेलं कार्ड ते, पाव डॉलरचं.

एक्केचाळीस नंबर तसलं.
नाव ओरिन प्राझाक, लेफ्ट टॅकल.
फोटो भलत्याचाच.
कंपनीनं शुद्धिपत्र काढलं नाही,
त्याच मोसमात प्राझाकचा गुडघा गेला,
पुन्हा कार्ड नाही.
माझ्याकडे अकरा आहेत.
अकराही वेळा तोच भलता माणूस हसतोय.

तो जिवंत असल्याचं मला एका बिलावर कळलं.
कॉनिऑट, ओहायो. भट्टी पेटत नाही.
नाव वाचलं, आणि मी ते काम दुसऱ्या कुणाला दिलं नाही.

तळघरात इग्नायटर बदलला. वर आलो.
नव्वदीचा माणूस, गुडघ्यावर गोधडी,
कान अजून कोबीसारखे चुरगळलेले.
मी चाचरत विचारलं, एक्केचाळीस नंबरचं.
मुलीला म्हणाला, थेल्मा, आजीचं बायबल.

बायबलात कार्ड होतं.
आणि त्यावर तो होता. तोच, तेविसाव्या वर्षी,
चर्चच्या पत्रकातून कातरलेला, करडा,
कात्री डाव्या कानाजवळ जरा आत गेलेली.
आईनं चिकटवला, तो म्हणाला,
कणकेच्या खळीनं. कंपनीला पत्रं लिहून दमली, मग.

माझ्या डोक्यात लगेच आकडे सुरू झाले.
दुरुस्त आवृत्ती. प्रत एक.
डेलबर्टच्या नियमानं माझी अकराही
आता महाग व्हायला हवीत, असलं काहीतरी.
भिंग मात्र गाडीत राहिलं होतं.

कार्डाची खालची कड सुटलेली दिसली
म्हणून मी म्हणालो, खळ वाळलीय, मी चिकटवून देऊ?
थेल्मा हसली.
सुटली नाही ती. आजीनं वरचीच कड चिकटवली होती,
दाराला बिजागरी असते तशी.
म्हणायची, खालचाही कुणाच्या तरी पोटचा आहे,
त्याला कायमचा कसा झाकू?

म्हाताऱ्यानं जाड नखानं स्वतःला हळूच उचललं.
खाली तो भलता,
सदुसष्ट वर्षं उजेड न लागल्यानं
माझ्या अकरांपेक्षा टवटवीत.

कोण हा, मी विचारलं.
कधी कळलं नाही, तो म्हणाला,
आणि थोडा वेळ तसंच धरून ठेवलं,
त्याला खोली दिसावी इतपत.

खाली भट्टीनं पेट घेतला.
बिल ऐंशी डॉलर झालं होतं. मी साठ लिहिलं,
आणि घाईत नावातला एक झेड उलटा काढला.
खोडला नाही.