गोठवण्याआधी

तासगावच्या शीतगृहात माझं कपाटाएवढं ऑफिस.
भिंतीपलीकडे चार अंशांवर झोपलेला बेदाणा,
अलीकडे मी, दोन स्वेटर, आणि सर्व्हर,
जो गरम असतो म्हणून मला आवडतो.

रात्री पावणेतीनला नक्कल घ्यायची असते,
त्यासाठी डिस्क गोठवावी लागते.
कुणी लिहायचं नाही, कुणी खोडायचं नाही,
वजनकाट्याच्या पावत्यांनी जिथल्या तिथे उभं राहायचं
शाळेच्या ग्रुप फोटोत राहतात तसं.

लिहिणारे लगेच थांबतात.
अडचण असते ती झाडणाऱ्याची.

कारण फाईल पुसली म्हणजे पुसलेली नसते.
आधी नुसतं नाव जातं.
जागा मोकळी करायला मागाहून कुणीतरी येतं
सवडीनं, न दिसता, खणाखणातून केर गोळा करत.

माघातल्या एका रात्री मी त्याला विसरले.
हुकूम सुटला, दारं लागली
आणि तो आतच, सूप अर्धं भरलेलं.
तो म्हणे, दार उघडा, केर टाकतो, मग थांबतो.
दार म्हणे, तू आधी थांब, मग उघडतो.
दोघांचंही आपापल्या जागी बरोबर.
सकाळी सौद्याला व्यापारी आले, बॉक्स फोडले,
पावती काही निघेना.
जमीरभाई तांबोळींनी पसंत केलेला मूठभर बेदाणा
साडेअकरापर्यंत तसाच धरून ठेवला.
शेवटी मी वायर ओढली.
त्याची नोंद कुठेच नाही. आता इथे आहे.

तेव्हापासून दार लावायच्या आधी
मी मागच्या खोलीत आवाज देते:
हातातलं तेवढं उरक.
नवा केर येईल, तो कोपऱ्यात साठू दे, हात लावू नकोस.
सूप पालथं ठेव. ठेवलंस?
मग गोठवते.

साडेचार मिनिटं.
एवढ्या वेळात चहा होत नाही, आठवणी होतात.

आणि वितळल्यावर त्याला परत हाक मारायची,
हेही शिकावं लागलं.
पहिल्या आठवड्यात तो बिचारा बसूनच राहिला,
ढीग वाढला, डिस्क भरली,
आणि मी शिव्या घातल्या लिहिणाऱ्यांना.

काल सभासदांच्या यादीतून गोपीनाथ झांबरे गेले.
मयत, एवढा शेरा, एक बटण.
मॅनेजर म्हणाले, तीन नंबरचा खण सावर्डेकरांना देऊन टाका.
मी म्हटलं, अहो, बेचाळीस बॉक्स आहेत त्यांचे आत,
त्यांच्याच अक्षरात लिहिलेले,
पोरगा दहावं झाल्यावर येतो म्हणालाय.
मॅनेजर म्हणाले, यादीत तर नाव नाही.

तीन वाजून दोन मिनिटं. नक्कल झाली.
दार उघडते, हाक मारते.
आत खुसखुस सुरू होते, बारीक,
कान लावला तरच कळेल अशी.
मी एक स्वेटर काढून ठेवते
आणि तीन नंबरच्या किल्लीला
चिठ्ठी बांधते: घाई नाही.