मोज

शाळेत बाईंनी विचारलं, घरी अप्पा काय करतात?
मी म्हटलं, रात्री दारू भरतात.
दुसऱ्या दिवशी आईला बोलावणं आलं.

वडगावात आमच्या गल्लीत माग चालायचे दहापर्यंत.
खटखट थांबली की अप्पा माळ्यावर जायचे.
रायफल क्लबचा परवाना चौकटीत, खिळ्याला,
खाली फणसाच्या लाकडाचा पाट,
त्यावर लोखंडी यंत्र, एका दांड्याचं,
अन् शहापूरच्या सोनारानं मोडीत काढलेला काटा,
ज्यानं कधीकाळी नथी तोलल्या असतील.

रविवारी क्लबातून पिशवीभर पुंगळ्या यायच्या,
बत्तीस बोराच्या रिव्हॉल्वरच्या,
करंगळीच्या पेराएवढ्या, तोंडं काळी.
आई समई घासायची त्याच चिंचेत मी त्या घासायची.
आई म्हणायची, देवाला कळंल एक दिवस.
पुंगळीत फुंकलं की शीळ वाजते.
मी वाजवायची, अप्पा वरून ओरडायचे,
"काय करूलीस? थुंकी जातीया आत!"

अप्पा घरात मराठी, भांडणात मराठी,
निवडणुकीत तर फारच मराठी.
पण माळ्यावर मोजायचे कानडीत.
ओंदु, एरडु, मूरु –
कॅम्पातल्या ईरप्पा कम्मारांनी सोळाव्या वर्षी शिकवलं तसंच,
कानशीसकट, शिव्यांसकट.
विचारलं तर म्हणायचे,
हाताला मराठी येत नाही.

त्या रात्री पन्नास भरायच्या होत्या.
सकाळी धारवाडची मंडळी येणार, चुरस होती.
अप्पांनी आधीच पन्नास पुड्या तोलून ठेवलेल्या,
वर्तमानपत्राच्या कपट्यांत, वैद्यासारख्या,
एकीवर नुसतंच 'सीमा',
प्रश्न दुसऱ्या पुडीवर गेलेला.
मी चहा घेऊन जिना चढले.
"हदिनेंटु," अप्पा म्हणाले.
मला वाटलं, मला विचारतायत.
मी म्हटलं, "अठरा! आता एकोणीस!"
शाबासकीसाठी, आणखी कशासाठी.
त्यांचा हात थांबला.
मग चालू लागला.

पन्नास झाल्या. डब्यात पडल्या, मिसळल्या.
अन् पाटावर एक पुडी उरली.

"काट्यावर घालून बघा की."
"पितळच एकाचं दुसऱ्याला जुळत नाही, पोरी.
एवढीशी दारू त्यात कुठं हुडकू?"
मग दारू नसलेली गोळी कशी नळीतच अडकते,
आवाज होतो फुस्स,
अन् नेमबाज घाईत पुन्हा चाप ओढतो,
हे त्यांनी मला नाही, हातोड्याला सांगितलं.

पोकळ तोंडाचा तो हातोडा, त्यात एकेक काडतूस,
अन् ओट्यावर ठाक.
शिसं बाहेर, दारू बाहेर.
ठाक.
गल्लीला वाटलं असेल, किणेकरांत भरल्या रात्री मसाला कुटूलेत.
मोजायला मला बसवलं. मराठीत.
चहावर साय धरली.

एकतिसावी रिकामी निघाली.
मी ओरडले, सापडली!
अप्पांनी ती बाजूला ठेवली
अन् बत्तिसावी उचलली.
"सापडली की, अप्पा."
"एकच चुकली हे तुला कुणी सांगितलं?"
ठाक.

धारवाडवाले जिंकले. आमच्याकडं गोळ्याच नव्हत्या.
क्लबच्या सोलापुरे वकिलांनी दिवाळीपर्यंत
अप्पांशी बोलणं टाकलं.
अप्पांनी त्यांचं रिव्हॉल्वर तेवढं साफ करून धाडलं.

आता मी खानापूरच्या सरकारी दवाखान्यात
खिडकीमागं बसून गोळ्या देते.
रक्तदाबाच्या, साखरेच्या, पांढऱ्या, सगळ्या सारख्या.
मोजते कानडीत.
म्हाताऱ्या म्हणतात, बाई, तुम्ही आमच्यातल्याच न्हवं?
कुणी मधेच काही विचारलं
की तळहातावरच्या सगळ्या परत ताटात ओतते.
ओंदु.
रांग कुरकुरते.
कुरकुरू दे.